रफ वही सोबत ने

बाळा,

काल फोनवर तू जर्मनीतल्या एक्स्चेंज सत्राबद्दल वेगवेगळ्या तऱ्हेनं एकच गोष्ट विचारत होतीस. तिथली मुलं फार पुढे असतील का? माझं इंग्रजी पुरेल का? वर्कशॉपमधली मोठी मशीन मी कधी चालवलेली नाहीत, कसं होईल? आणि मग अगदी हळू आवाजात, "ताई, नागपूरच्या मुलीला तिथं कोण विचारणार गं?" तुझी आई, माझी मावशी, शेजारी बसली होती म्हणून मी थोडक्यात आवरलं. आता सविस्तर लिहिते. निवांत वाच आणि मावशीलाही वाचायला दे. ती बोलत नाही, पण तुझ्याइतकीच काळजी करून राहिली आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. तुला विचारतील, आणि फार विचारतील. नागपूरची घरं कशी असतात, पंचेचाळीस अंशांत माणसं कामं कशी करतात, तुमची अक्षरं वरच्या रेघेला का टांगलेली असतात, सगळं विचारतील. तिथली मुलं तुझ्याहून हुशार असतात असं मला कधी वाटलं नाही. त्यांना एक सवय लहानपणापासून लागलेली असते आणि आपल्याला ती कुणी लावत नाही, एवढंच. त्या सवयीबद्दल मला तुझ्याशी मनापासून बोलायचं आहे. व्हिसा, थंडी, जेवण हे सगळं मागून सांगतेच.

शाळेत आपल्याला दोन वह्या असायच्या, आठवतं? एक रफ, एक फेअर. रफ वही कुणी तपासायची नाही. खाडाखोड, उलटसुलट गणितं, कोपऱ्यात काढलेली चित्रं, सगळं त्यात. बाई तपासायच्या ती फेअर वही, कव्हर घातलेली आणि समास आखलेली. बारा वर्षं आपण हेच शिकतो की चुकायचं ते लपून आणि दाखवायचं ते नेटकं. डिझाइनच्या कॉलेजात येऊनही ते सुटत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागायचं, शीट चकचकीत करायच्या आणि ज्युरीसमोर जणू पहिल्याच फटक्यात सुचलं अशा थाटात उभं राहायचं.

जर्मनीत तू जाशील तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच शिक्षक तुझ्या टेबलाशी येतील आणि म्हणतील, दाखव काय चाललंय ते. शेजारची मुलगी पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीनं जोडलेलं काहीतरी वेडंवाकडं समोर ठेवेल आणि त्यावर अर्धा तास गंभीर चर्चा होईल. त्या वेळी तुझ्या तोंडी येईल, "अजून तयार नाहीये." हे वाक्य तिथं जपून वापर. आपण ते नम्रपणानं म्हणतो. त्यांना वाटतं हिला एकटीनं काम करायचं आहे, आणि ते खरोखरच तुला एकटं सोडतात. तसं एकदा सुरू झालं की सत्र हां हां म्हणता संपतं.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हा की रफ वही सोबत ने आणि ती उघडी टाक. कच्ची रेखाटनं, मोडलेलं मॉडेल, अर्धवट विचार, आहे तसं टेबलावर ठेव. "इथे अडले आहे" हे वाक्य इंग्रजीत आणि जर्मनमध्येही म्हणायला शीक. तुझं इंग्रजी त्यासाठी भरपूर आहे. तिथल्या पुष्कळ मुलांचीही ती दुसरी भाषा असते.

ही रीत तिथं जुनी आहे. वायमारला १९१९ साली वाल्टर ग्रोपियसनं बाउहाउस ही शाळा काढली. तिथे कुठल्याही विभागात जायच्या आधी सगळ्यांना एक प्राथमिक अभ्यासक्रम करावा लागे. योहानेस इटेननं तो सुरू केला. पुढे योजेफ आल्बर्स मुलांच्या हाती साधा कागद द्यायचा आणि काही वाया न घालवता त्यातून काय उभं राहतं ते शोधायला लावायचा. मुलं घड्या घालून, कापून, पुन्हा उलगडून बघत. केलेलं सगळं जमिनीवर मांडून एकत्र बघणं हा त्या शिकवण्याचा गाभा होता. शाळा १९२५ मध्ये डेसाउला, नंतर बर्लिनला गेली आणि १९३३ मध्ये नाझी सत्तेच्या दबावाखाली बंद पडली, पण कच्चं काम मांडून बघायची ती रीत जगभरच्या डिझाइन शाळांत आजही चालते.

टीकेचंही सांगून ठेवते. तिथं कामावर सरळ बोलतात. "हे मला पटत नाही" असं तोंडावर म्हणतात आणि पाच मिनिटांनी तुझ्याबरोबर कॉफी प्यायला येतात. ते बोलणं कामाबद्दल असतं, ते कामावरच राहू दे. रात्री खोलीत नेऊन उगाळू नकोस. तुलाही बोलायचं आहे. पहिल्या दिवसांत ठरवून कर, प्रत्येक चर्चेत दुसऱ्याच्या कामाबद्दल निदान एक प्रश्न विचारायचा. "हा कोपरा असाच का?" एवढा साधा प्रश्नही चालतो. आपल्याकडे शिक्षकांसमोर गप्प बसणं आदराचं. तिथं गप्प बसणाऱ्याला रस नाही असं समजतात. आणि व्याख्यान संपल्यावर सगळे बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करू लागले तर दचकू नकोस. ती त्यांची टाळ्या वाजवायची पद्धत आहे. एक दिवस तुझ्यासाठी ती टकटक होईल.

वर्कशॉपचं मनावर घेऊ नकोस. लाकूड, धातू, छपाई, माती, कुठल्याही वर्कशॉपमध्ये मशीनला हात लावायच्या आधी सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते जर्मन मुलांनाही घ्यावं लागतं. त्याच्या जागा भराभर भरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात नाव नोंदव. वर्कशॉप सांभाळणारे कारागीर-शिक्षक हे त्या शाळेचं खरं धन आहे. ते पदानं प्राध्यापक नसतात, म्हणून पुष्कळदा पाहुणी मुलं त्यांच्याकडे नुसतं मशीन मागायला जातात. तू त्यांच्याशेजारी उभी राहा, साफसफाईला हात लाव, ब्रश वेळेवर परत दे. लाकडाच्या रेषा कशा वाचायच्या हे तुला कुठलंही व्याख्यान शिकवणार नाही, ते शिकवतील.

आता तुझ्याआधी या वाटेनं गेलेल्या सुधाकर नाडकर्णींबद्दल ऐक. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते साठच्या दशकात जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत गेले. त्या शाळेची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण तिच्या मुळाशी एक थोरली बहीण आहे. इंगे शोल तिचं नाव. तिची धाकटी भावंडं हान्स आणि सोफी यांनी हिटलरच्या विरोधात पत्रकं वाटली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला. सोफी तेव्हा एकवीस वर्षांची होती, तुझ्याच वयाची. युद्धानंतर इंगेनं त्या दोघांच्या स्मरणार्थ संस्था उभारली आणि ओटल आयशर, माक्स बिल यांच्यासोबत १९५३ मध्ये ही शाळा सुरू केली. हुकूमशाहीनं ज्या देशाचं डोकं बिघडवलं होतं तिथल्या मुलांनी रोजच्या वापरातल्या वस्तू विचारपूर्वक, प्रामाणिकपणे घडवाव्यात, ही त्यामागची तळमळ होती.

शाळेकडे पैसा बेताचा. १९५४ मध्ये मुलांना बसायला म्हणून माक्स बिल आणि हान्स गुगेलोट यांनी एक स्टूल केलं. तीन फळ्या आणि खाली आडवा गोल दांडा, बस्स. त्यावर बसता येतं, आडवं टाकलं की ते फडताळ होतं, उलटं धरलं की दांड्याला पकडून त्यात पुस्तकं भरून वर्गात नेता येतात. ते स्टूल आजही बनतं आणि विकलं जातं. उल्मला नक्की जा. शाळेची इमारत टेकडीवर उभी आहे आणि तिथेच आता तिचं संग्रहालय आहे. आजीच्या घरातला पाट आठवत ते स्टूल बघ. दोघांच्या मागे एकच समज आहे, थोडक्या लाकडात पुष्कळ काम.

नाडकर्णी तिथून परत आले. उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद झाली आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं, आज आपण ज्याला आयडीसी म्हणतो ते. त्याची घडी बसवणाऱ्यांत नाडकर्णी अग्रभागी होते. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभाग उभारण्यातही त्यांचा मोठा हात होता. त्यांनी उल्महून शिकण्याची एक रीत आणली आणि ती इथल्या मुलांच्या हाती दिली. त्याच आयडीसीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवली. मायक्रोसॉफ्टच्या संगणकांवर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फाँट वाचत आलो तो त्यांचा. तुझ्या एका सत्राकडे बघताना ही साखळी मनात ठेव. एक माणूस शिकायला गेला आणि परतला म्हणून किती जणांना दार उघडलं!

तिथं जाऊन काय घेशील याची यादी तू केलीच असशील. काय देशील याचीही कर. निघायच्या आधी तुझ्याकडे थोडे आठवडे आहेत. ते मॉलमध्ये कपडे घेण्यात घालवू नकोस. मी सांगते तिथं तिथं रफ वही घेऊन जा.

पहिलं, सेवाग्राम. नागपूरहून जेमतेम पाऊण-शंभर किलोमीटर. शाळेच्या सहलीत बघितलं असं म्हणू नकोस, आता डिझाइनच्या डोळ्यांनी बघ. बापू कुटीची उंची मोज, खिडकीतून वारा कसा येतो ते बघ, कुठली वस्तू कुठे आणि का ठेवली आहे ते काढून घे. इव्हान इलिच हा मोठा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत तिथं आला होता. त्या झोपडीत बसून तिचा संदेश काय असावा यावर तो बोलला, आणि ते भाषण जगभर वाचलं जातं. तिथून वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जा. गांधीजींनी १९३८ मध्ये ते सुरू करून दिलं. चरखे, घाणे, चुली, ग्रामोद्योगाची अवजारं अशी तिथली एकेक वस्तू म्हणजे उघडून ठेवलेलं उत्तर आहे. प्रश्न काय होता हे तू शोध. दुसऱ्या एखाद्या दिवशी चंद्रपूरजवळच्या चिचपल्लीचं बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र बघून ये.

दुसरं, तान्हा पोळा. भोसल्यांच्या काळापासून नागपुरात लहान मुलं लाकडी बैल सजवून रस्त्यावर आणतात, घरोघर जाऊन बोजारा मागतात. चाकांवरचा तो नंदी तू लहानपणी ओढलास. आता सुतारगल्लीत जा आणि तो घडतो कसा ते बघ. एका ओंडक्यातून किती बैल निघतात, शिंगं वेगळी का बसवतात, चाकाचा आस कसा धरतो, विचारून लिहून घे. तळहाताएवढा एक नंदी बॅगेत टाक. पहिल्या आठवड्यात "तुमच्या गावची एक वस्तू आणा" असं कुणीतरी म्हणतंच. त्या एका खेळण्यातून तुला शेतीवर, सणावर, सुतारकामावर आणि मुलांच्या खेळण्यांवर बोलता येईल.

तिसरं, आणि हे कुणी तुला सांगणार नाही, आपलं ऊन. नागपूरच्या माणसाला उन्हाचं जे ज्ञान आहे त्याची जगाला आता गरज पडते आहे. तिकडची घरं उष्णता आत धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. अलीकडचे उन्हाळे त्यांना भाजून काढतात आणि बहुतेक घरांत एसी नाही. तुझ्या घरात खिडकीला कूलर आहे. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं आणि गार वारा आत येतो. कोरड्या हवेत हे जमतं, दमट मुंबईत जमत नाही. वाळ्याचे ताटे, दुपारी बंद आणि पहाटे उघड्या खिडक्या, पन्हं, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा, सकाळी उरकलेली बाजारहाट, ही सगळी विचार करून, पिढ्यान्‌पिढ्या सुधारत आणलेली रचना आहे. कूलर उघडून त्याची आकृती काढ. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे एक दुपार बस. हा विषय घेऊन तू त्या वर्गात उभी राहिलीस तर सगळी मान वर करून ऐकतील.

आणि घरातल्या वस्तूही सोडू नकोस. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था झाली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त गौरव केला तो लोट्याचा. तो डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, भरताना आणि ओतताना तोल कसा राहतो, धुवायला किती सोपा, असे कितीतरी प्रश्न त्यांनी एका लोट्याला विचारले. तू तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून रोज एका वस्तूला असे प्रश्न विचार. निघेपर्यंत वही भरेल.

आता कामाचं भराभर सांगते.

अभ्यासक्रमाची देवाणघेवाण निघायच्या आधी लेखी करून घे. तिथले कुठले विषय इथे कुठल्या विषयांऐवजी धरले जातील, यावर दोन्ही कॉलेजांची सही हवी. एका सत्राचं ओझं साधारण तीस क्रेडिटचं धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम, म्हणून हावरटपणानं जास्त विषय घेऊ नकोस. गुण उलटे असतात. १.० सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास. मावशीला हे आधीच सांग, नाहीतर १.३ बघून तिच्या पोटात गोळा येईल. वेळापत्रकात तासापुढे सी.टी. लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, एस.टी. असेल तर अगदी ठोक्याला.

पैशांचं बाबांशी बसून बोल. शिकवणी फी करारात माफ असली तरी सत्राचं शुल्क, आरोग्य विमा आणि राहणं-खाणं तुझं. व्हिसासाठी बंद खात्यात पैसे दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा महिन्याला ९९२ युरो आहे, अर्ज करताना ताजा आकडा बघ. सहा महिन्यांचे मिळून ते रुपयांत सहा लाखांच्या आसपास जातं. ते पैसे आपलेच असतात आणि दर महिन्याला आपल्याच हाती येतात, हे बाबांना नीट समजाव. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात. व्हिसाची तारीख मिळायला वेळ लागतो, प्रवेशाचं पत्र हाती आलं की त्याच दिवशी कामाला लाग. शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र तुला लागतं की एक्स्चेंज म्हणून सूट आहे, ते तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून ईमेलवर विचारून घे. तोंडी उत्तरावर विसंबू नकोस.

राहायला जागा हा सगळ्यात अवघड भाग. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज सगळ्यांत आधी. खोली न बघता, करार न वाचता कुणालाही आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत, मग फोटो कितीही सुंदर असोत. खोलीत शिरल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला माग. घरटी महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी असते. टीव्ही नसला तरी ती द्यावी लागते, सोबत राहणाऱ्यांत वाटून घ्या. टपालानं आलेलं एकही पत्र न उघडता ठेवू नकोस. तिथं अजून सगळा कारभार कागदावर चालतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी भाजी भरून ठेव. बाटल्या फेकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये परत दिल्या की पंचवीस सेंटपर्यंत सुटतात. कायद्यानं तुला थोडं अर्धवेळ काम करता येतं, पण एकच सत्र आहे तर तो वेळ शिकण्याला दे. कॅफेत कप पुढेही धुता येतील.

जेवणाचं. मावशी तूप, पेढे आणि संत्रा बर्फी भरून देईल. तिला आत्ताच सांग की बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. ताजी संत्रीही तपासणी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. सावजी मसाला ने, तिखट ने, पण दुबईत विमान बदलणार असशील तर खसखस सामानात अजिबात नको, तिथं ती कायद्यानं बंद आहे. घरच्या मसाल्यात खसखस दळलेली असते, तेव्हा वेगळा, बिनखसखशीचा करून घे. तुपासारखं लोणी तिथल्या दुकानात मिळतं. तुर्की दुकानांत हिरव्या सांबाराच्या जुड्या, भेंडी, हरभरे सगळं मिळतं. पहिल्या महिन्यातच सोबतच्यांना एकदा पोहे-तर्री करून घाल. ओळख सगळ्यात लवकर जेवणाच्या टेबलावर होते.

आता मनाचं. ऑक्टोबरात सगळं नवं असतं, छान जातं. नोव्हेंबर जड असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो. आपण नागपूरची माणसं, बारा महिने उजेडात वाढलेली. त्या अंधारानं मन उतरतं आणि आपल्याला वाटतं की आपणच कमी पडतो आहोत. तसं नसतं, उजेड कमी पडत असतो. रोज दुपारी, कितीही काम असो, अर्धा तास बाहेर चालायचं. कोट आणि बूट तिथे जाऊन घे, इथले स्वेटर त्या ओल्या वाऱ्याला पुरत नाहीत. आतून गरम बनियन, वर दोन पातळ थर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. दिवाळीत रडू येईल. येऊ दे. त्या दिवशी खोलीत एकटी बसू नकोस, चार जणांना बोलावून दिवे लाव.

घरी फोनची वेळ ठरव. हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे साडेदहा. मावशी तोवर जागी राहते, पण रोज नको. आठवड्यातले दोन-तीन दिवस पक्के कर. तिला फक्त छान छान सांगू नकोस. तिलाही रफ वही दाखव. "आज जमलं नाही" हे आईला सांगता आलं की मन अर्धं हलकं होतं.

सुरक्षेचं स्पष्ट बोलते, कारण घरात हे कुणी बोलत नाही. पार्टीत, प्रवासात, वसतिगृहात, कुणाशीही "नाही" म्हणायला कारण द्यावं लागत नाही. तातडीला ११२. बायकांवरच्या हिंसेसाठी ११६ ०१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट असतो आणि पुष्कळ भाषांत मदत मिळते. दोन्ही फोनमध्ये टाकून ठेव. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदव. रंगावरून, उच्चारावरून कुणी वाकडं बोललं तर ते गिळून टाकू नकोस. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेव आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन सांग. आणि मला सांग, केव्हाही.

सुट्टीत भटक, पण मोठ्या शहरांचे फोटो गोळा करत नको. वायमारला बाउहाउसचं संग्रहालय बघशील तेव्हा त्याच दिवशी जवळच्या बुखेनवाल्डच्या छळछावणीचं स्मारकही बघ. त्या छावणीच्या लोखंडी दारावरची अक्षरं फ्रान्त्स एरलिशनं काढली आहेत. तो बाउहाउसमध्ये शिकलेला होता आणि त्या छावणीत कैदी होता. नाझींना नको असलेल्या त्याच शाळेच्या वळणाची अक्षरं त्यानं त्यांच्याच दारावर बसवली. अक्षराला किती भार वाहावा लागतो हे तिथं उभं राहून कळतं. डिझाइन म्हणजे सुंदर दिसणं एवढंच नव्हे, हे तुला पुन्हा कधी कुणाला पटवून द्यावं लागणार नाही.

परत येशील तेव्हा पोर्टफोलिओत चार सुंदर पानं वाढलेली असतील, आणि ती असायलाच हवीत. पण मला त्यांच्याइतकंच एक काम महत्त्वाचं वाटतं. आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात, गोंदिया-गडचिरोलीच्या गावांतून आलेल्या अशा किती मुली आहेत ज्यांना एक्स्चेंज म्हणजे काय हेही माहीत नाही. त्यांच्याकडे जा. तुझ्या सगळ्या कच्च्या वह्या त्यांच्या हाती दे, नुसत्या चांगल्या शीट नको. अर्ज कसा केलास, कुठे अडलीस, किती पैसे लागले, कुणाला विचारलंस, सगळं मोकळेपणानं सांग. नाडकर्णींनी एक आख्खं केंद्र उभारलं, तुला एक दुपार उभारायची आहे. त्या दुपारीतून पुढच्या वर्षी एखाद्या मुलीचा अर्ज जाईल.

आता हे बाजूला ठेव आणि वसतिगृहाचा अर्ज उघड. तो आज रात्रीच गेला पाहिजे. शनिवारी मी येते, रविवारी सकाळच्या गाडीनं आपण दोघी सेवाग्रामला जाऊ. मावशीलाही घेऊ.

तुझी,
ताई